क्षमा मागितली की पाप माफ, मग ख्रिस्ती लोक पापाला गंभीर का मानतात?

तुमचा प्रश्न असा की येशूकडे क्षमा मागितली की पाप धुऊन निघत असेल, तर पापाचं भय उरतं कुठे? रविवारी रडायचं आणि सोमवारी पुन्हा तेच, असंच ना? प्रश्न बोचरा आहे, पण उगाच काढलेला नाही. असं जगणारी माणसं आहेत. माझा सख्खा काका त्यातलाच.

शिकवण मात्र तशी नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय तुमच्याच प्रश्नाने सुरू होतो: कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का? पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचं उत्तर, मुळीच नाही. अध्याय संपतो तो 'पापाचे वेतन मरण आहे' या वचनापाशी. क्षमा आपल्याला फुकट मिळते, ख्रिस्ताला तिच्यासाठी जीव द्यावा लागला.

आता काका. बाबा अंथरुणाला खिळलेले असताना त्याने काही कागदांवर त्यांच्या सह्या घेतल्या. बाबा गेले, आणि आजोबांच्या जमिनीतला आमचा हिस्सा विकला गेलाय हे आईला तिऱ्हाइताकडून कळलं. पुढे कित्येक वर्षांनी काका चर्चच्या उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभा राहिला. माइक धरलेला हात थरथरत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते नाटक होतं असं मी आजही म्हणत नाही. पण बोलला काय? 'माझ्या हातून मोठं पाप झालं, देवाने मला क्षमा केली.' कुणाचं काय नेलं, त्याचा उच्चार नाही. आई समोरच्याच बाकावर होती, तिच्याकडे त्याने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. नंतर मंडळीतले एक ज्येष्ठ आईला म्हणाले, 'वहिनी, देवाने माफ केलं, आता तुम्ही कशाला धरून बसता?' आई म्हणाली, 'जमीन देवाची नव्हती नेली त्यांनी.'

काका दर वेळी बायबलमधलं 51वं स्तोत्र पुढे करतो: 'तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे.' म्हणजे व्यवहार देवाशी होता आणि तो मिटला. हे वाचन सोयीचं आहे, खरं नाही. हे स्तोत्र दावीद राजाचं. त्याने उरिया या आपल्या सैनिकाची बायको घेतली आणि उरियाला मारवलं, त्यावरून नाथान संदेष्टा त्याच्याकडे येऊन गेल्यानंतरचं. नाथानाने श्रीमंताने हिसकावलेल्या गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली तेव्हा दावीदच संतापून म्हणाला होता, चोरणाऱ्याने चौपट भरून द्यावं. दाविदाने पाप कबूल करताच क्षमा मिळाली, तरी त्याचं मूल गेलं आणि तलवार, म्हणजे रक्तपात, घरातून हलली नाही. बरं, उरियाला परत आणणं दाविदाच्या हातात नव्हतं. काकाच्या हातात पैसे आहेत.

बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा 6वा अध्याय वाचा. लुबाडलेलं ते पूर्ण द्यायचं, वर पाचवा हिस्सा, आणि तेही ज्याचं त्याला, दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दलचं अर्पण, आणायच्या दिवशीच. येशू डोंगरावरच्या प्रवचनात हेच पुढे नेतो: भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे वेदीपाशी आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराला कुणी रक्कम सांगितली नव्हती. तो आपणहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. त्यावर येशू म्हणाला, 'आज या घराला तारण प्राप्त झाले आहे.' खिशाला हात न लावणाऱ्या पश्चात्तापाला मी पश्चात्ताप मानत नाही. तुमच्या ओळखीचा कुणी 'देवाने मला माफ केलं' म्हणत असेल, तर ज्याचं नुकसान झालं त्याला तो भेटला का, एवढंच विचारा.

एक मात्र सांगायला हवं, नाहीतर माझाच अर्थ उलटा घेतला जाईल. भरपाई करून क्षमा विकत मिळत नाही. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराकडे परत द्यायला काही नव्हतं, तरी त्याला त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळालं. ज्यांना खरोखरच काही फेडता येत नाही त्यांना भरपाईचं हे उत्तर लागू नाही. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेही क्षमा करायचीच असते. आई काकाचं नाव घेऊन रोज प्रार्थना करते. तो घरी आला तर ती दार उघडेल, याबद्दल मला शंका नाही. जा आणि भेट, हे त्या ज्येष्ठांनी काकाला सांगायला हवं होतं. ते आईला समजवायला आले.