गूळ न घातलेली आमटी

गेल्या अंकात या पानावर मी माझ्या आजाराबद्दल लिहिलं होतं. आनुवंशिक फ्रुक्टोज असहिष्णुता असं त्याचं नाव. फळं, मध, गूळ, रोजची साखर यांतलं काहीच माझ्या यकृताला सोसत नाही, आणि हे मला कळलं वयाच्या 31व्या वर्षी. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतल्या चार पत्रांना इथे उत्तरं देते आहे. मी डॉक्टर नाही. चिपळूणला वाढलेली, पुण्यात नोकरी करणारी, 47 वर्षं हे शरीर सांभाळलेली बाई आहे. जे भोगलं आणि डॉक्टरांकडून खोदून खोदून विचारून घेतलं, तेवढंच सांगते.

माझी मुलगी 14 महिन्यांची आहे. उष्टावणाला मामाने खीर भरवली आणि तासाभरात उलट्या सुरू झाल्या. अंग गार पडलं, झबलं घामाने भिजलं. पुढे केळं, सफरचंदाचा कीस, गोड पेज, काहीही दिलं की तेच. यकृत वाढलंय म्हणाले. शेवटी जनुकीय तपासणीत नाव कळलं. सासूबाई म्हणतात, एवढंसं बोट चाटवल्याने काय होतंय, हळूहळू सवय होईल. तिला काय खायला घालू? आणि दुसरं मूल झालं तर? — एक आई, सांगली

ताई, सवय होत नाही. हे वाक्य आधी सासूबाईंना वाचून दाखवा.

आपली नेहमीची साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. फ्रुक्टोज फोडायला यकृतात अल्डोलेज बी नावाचं विकर लागतं. तुमच्या लेकीत ते काम करत नाही. त्यामुळे फ्रुक्टोज अर्धवट फुटतं आणि पेशीत तुंबून राहतं. पेशीतलं फॉस्फेट त्यातच अडकतं, मग यकृताला स्वतःजवळची साखर रक्तात सोडता येत नाही. गोड खाऊन रक्तातली साखर खाली जाते, ती अशी. गार पडणं, घाम, मलूल होणं हे त्याचंच. वरचेवर होत राहिलं तर यकृत आणि मूत्रपिंडं दोन्ही खराब होतात. बोटभर रोज चाटवलेलं पोर कधी उलटी न करता नुसतंच खंगत जातं, वजन धरत नाही, आणि ते जास्त वाईट, कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

सासूबाईंवर रागावू नका, असं मात्र मनापासून सांगते. माझी आजी माझ्यावर जीव टाकायची. खोकला झाला की ती मला मांडीत आडवी घ्यायची, नाक दाबायची आणि मधातलं चाटण घशात सोडायची. तिच्या हाताला सुंठीचा वास असायचा. मी ओकले की ती रडायची आणि दृष्ट काढायची. ती गेली तेव्हा आजाराचं नाव आमच्या घरात कुणी ऐकलेलंही नव्हतं. तुमच्या घरात ते नाव आज आहे. सासूबाईंना पुढच्या वेळी डॉक्टरांकडे बरोबर न्या. सुनेकडून ऐकणं वेगळं आणि डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत बसून ऐकणं वेगळं.

खाण्याचं सांगायचं तर पांढरा भात, दूध, बिनसाखरेचं दही, ताक, लोणी, तूप, पनीर, अंडी, मासे, चिकन हा आपला आधार. दुधातली साखर वेगळी, ती चालते. माझं बालपण मऊ भात, तूप, मीठ आणि हळद-तिखट लावून तळलेला बांगडा यावर गेलं आणि मी उत्तम वाढले. पालक चालतो. रताळं, बीट, गाजर, कांदा, मटार यांच्या वाटेला जाऊ नका. बाकी भाज्या, डाळी आणि धान्यं कोणती आणि किती, हे या आजाराची माहिती असलेल्या आहारतज्ज्ञांकडून ग्रॅममध्ये लिहून घ्या. फळं बंद म्हणजे क जीवनसत्त्व कमी पडणार. ते औषधातून द्यावं लागतं, पण चघळायच्या गोड गोळ्या नकोत.

औषधांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण घरचा स्वयंपाक आपल्या हातात असतो, औषधाची बाटली नसते. तापाची, खोकल्याची, अँटिबायोटिकची लहान मुलांची बहुतेक सिरप साखरेत किंवा सॉर्बिटॉल नावाच्या, साखरेऐवजी वापरतात त्या गोड पदार्थात केलेली असतात. सॉर्बिटॉलचं शरीरात फ्रुक्टोजच होतं. म्हणून बाटलीवर ‘शुगर-फ्री’ दिसलं की निश्चिंत होऊ नका, उलट तिथेच थांबा. वेष्टनावर तो आयएनएस 420 या आकड्यामागेही लपलेला असतो. टूथपेस्टमध्येही असतो, आणि या वयाची मुलं पेस्ट गिळतात. डॉक्टरांना सांगून सिरपऐवजी साध्या गोळीची पूड किंवा गुदद्वारातून द्यायचं औषध मागा. जुलाब झाले तर साखर-मिठाची घरगुती जलसंजीवनी हिला चालणार नाही. शेजारची बाई मायेने तेच करून आणेल, म्हणून आधीच सांगून ठेवा. ग्लुकोजचं ओआरएस चालतं, पण पुडीमागचे घटक वाचून, आणि गोड चवीचं तयार पेय त्याच्या जागी कधीच नको.

दुसऱ्या बाळाचं. तुम्हा दोघांकडे या जनुकाची एकेक सदोष प्रत आहे, तुम्हाला स्वतःला त्याचा त्रास नाही. दर गरोदरपणात बाळाला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता चारात एक. मुलीच्या अहवालात नेमका दोष लिहिलेला आहे, तो कागद जपा. त्यावरून बाळाची तपासणी जन्मानंतर लवकर होऊ शकते. निकाल येईपर्यंत मध चाटवणं नको, गुटी नको. सहाव्या आठवड्यापासून तोंडावाटे देतात त्या रोटाव्हायरसच्या लशीत साखर असते, तेव्हा डोस घ्यायच्या आधी बालरोगतज्ज्ञांना सांगा. अंगावरचं दूध बिनधास्त पाजा.

आणि हो, पथ्य नीट पाळलं की यकृत सावरतं, मूल वाढीला लागतं. हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्राच्या शेवटी तुमचं अक्षर थरथरलेलं दिसलं.

मी 19 वर्षांचा आहे. नांदेडहून पुण्याला इंजिनिअरिंगसाठी आलोय. मला हाच आजार आहे. मेसमध्ये काय खावं कळत नाही. वाढदिवसाला मुलं तोंडात केक कोंबतात. किती समजावणार? म्हणून मी सरळ ‘डायबिटीस आहे’ असं सांगतो. त्यात काही चूक आहे का? — एक विद्यार्थी

चूक आहे बाळा, आणि तिची किंमत मी मोजली आहे.

मीही ऑफिसात ‘मला शुगर आहे’ असंच सांगायचे. दोन शब्दांत विषय मिटायचा, पेढ्यांचा बॉक्स पुढे सरकायचा. मे महिन्यातली गोष्ट आहे. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, लाइट गेलेले, आणि मला टेबलापाशीच भोवळ आली. शेजारच्या मैत्रिणीला वाटलं, हिची शुगर उतरली. तिने पेल्यात चार चमचे साखर ढवळली आणि माझं डोकं मांडीवर घेऊन ते पाणी पाजलं. मी तोंड मिटत होते, तरी तिने पाजलं. मग दुसरा पेला. मायेनेच. अर्ध्या तासात मी तिच्या साडीवर ओकले. त्यानंतरचं मला आठवतं ते दवाखान्याचं छत.

तिथे डेक्स्ट्रोजचं सलाइन लावलं. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच, ते आपल्याला चालतं, त्याने मी वाचले. यकृताच्या तपासण्या बिघडलेल्या होत्या. वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझे दात पाहिले. एकही कीड नाही, एकही भरलेला दात नाही. त्यांनी विचारलं, “तुम्ही शेवटचं गोड कधी खाल्लंत?” मी म्हटलं, “आठवत नाही. लहानपणापासून खातच नाही.” त्या दाराशी गेल्या, परत आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. 31 वर्षांत मला हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला होता. पुढे जनुकीय तपासणी झाली. घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते त्या मैत्रिणीला फोन करून खरं सांगण्याचं. ती फोनवर खूप रडली.

म्हणून ‘डायबिटीस’ हा शब्द तुझ्यासाठी घातक आहे. तू कुठे चक्कर येऊन पडलास, तर लोक तुझ्या तोंडात नेमकी साखर नाहीतर ज्यूस घालतील. पाकिटात एक कार्ड ठेव. माझ्या कार्डावर मराठीत आणि इंग्रजीत एवढंच आहे: ‘मला जन्मजात फ्रुक्टोज असहिष्णुता आहे. साखर, फळांचा रस, मध, गूळ, सॉर्बिटॉल तोंडातून किंवा शिरेतून देऊ नका. ग्लुकोज/डेक्स्ट्रोज चालतं.’ खोलीतल्या दोघांना तरी ते वाचायला दे. केकवाल्यांना वाढदिवसाच्या आधी सांग, त्या रात्री नको.

आता मेस. पुण्यात आलास म्हणजे आमटीत गूळ, कोशिंबिरीत साखर, साबुदाण्याच्या खिचडीत साखर, चिवड्यात पिठीसाखर हे गृहीतच धर. घालणाऱ्याला ती ‘गोड’ वाटत नाही, ‘चवीपुरती’ वाटते. म्हणून “गोड आहे का?” असं विचारू नकोस. “यात साखर, गूळ, टोमॅटो, चिंच घातलंय का?” असं एकेक नाव घेऊन विचार. मेसच्या मावशींना एकदा निवांत वेळी भेट. माझ्या मावशी फोडणीचं वरण गूळ पडायच्या आधी माझ्यासाठी वाटीभर काढून ठेवायच्या. सात वर्षं. ती वाटी झाकलेली असायची आणि झाकणावर मिठाची चिमूट ठेवलेली असायची, म्हणजे कुणी चुकून दुसऱ्याला देऊ नये. डाळीचं माप मात्र तुझ्या आहारतज्ज्ञांनी सांगितलेलंच.

एकटं वाटतं असंही तू लिहिलंयस. हा आजार असलेलं दुसरं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा 36 वर्षांची होते. मुंबईच्या एका ओपीडीच्या बाकावर एक काका बसले होते. फाइलवरचं नाव वाचून मी थबकले. त्यांनी विचारलं, “तुम्हालाही वासानेच कळतं ना?” पाकाचा वास, गूळ विरघळतानाचा वास. पोटात कसं आक्रसून येतं, ते मला कुणाला समजावून सांगावं लागलं नाही, असा तो पहिलाच दिवस. आमचा नंबर पुकारला तरी आम्ही बोलतच होतो. आणि आपण पहिलेही नाही. 1956 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांनी 24 वर्षांच्या एका तरुणीची हकिगत छापली होती. तिला फळं आणि साखर सोसायची नाही, ग्लुकोज सोसायचं. मी ते वाचलं तेव्हा वाटलं, हिच्याशी बोलायला मिळायला हवं होतं.

आंबे, सफरचंद जास्त खाल्लं की माझं पोट फुगतं, गॅस होतो. लेख वाचून धास्तावले. वय 34. हा तोच आजार का? — नाशिक

बहुधा नाही. आंबे खाऊन तुमचं नुसतं पोट फुगतं आणि चहा-लाडू आयुष्यभर पचलेत, तर हे आतड्यात फ्रुक्टोज नीट न शोषलं जाण्याचं दुखणं असू शकतं. ते त्रासदायक असतं, पण यकृताला धोका नसतो, आणि थोडं खाल्लेलं चालतं. डॉक्टरांना दाखवा. त्यासाठी फ्रुक्टोज पाजून श्वासाची तपासणी करतात. मात्र लहानपणापासून गोडाचा तिटकारा, गोड खाऊन उलट्या किंवा घाम, असं काही असेल तर ते तपासणीच्या आधी सांगा. माझ्यासारख्या माणसाला तो फ्रुक्टोजचा डोस जिवावर बेतू शकतो.

नात सहा वर्षांची आहे, तिला हा आजार आहे. आमच्याकडे गणपती असतो. प्रसाद नाही म्हणताना पोरीचं तोंड एवढंसं होतं. तिच्या हातावर काय ठेवू? — एक आजोबा, गुहागर

आजोबा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

मला नाही म्हणायची परवानगीच नव्हती. सत्यनारायणाचा शिरा मी ‘खाल्ला’ असं सांगून फ्रॉकच्या खिशात घालायचे. तूप कापडातून मांडीला लागायचं, गरम. रात्री खिशाला मुंग्या लागायच्या आणि देवाचा प्रसाद टाकला म्हणून मला झोप यायची नाही. तुमच्या नातीला हे करावं लागू नये.

पंचामृतात मध आणि साखर दोन्ही असतात, तेव्हा तीर्थ म्हणून तिच्या हातावर नुसतं दूध घाला. आधी देवापुढे ठेवा, म्हणजे तेही तीर्थच. पेढा हवा असेल तर बिनसाखरेच्या खव्यात साधी ग्लुकोज पावडर मळून करता येतो. पण तिला गोड चवच नको असेल, तर आग्रह करू नका.

आणि मोदकांच्या दिवशी निवगऱ्या करा. तुमच्याकडे उरलेल्या उकडीच्या करतच असतील. या वेळी उरलेल्या नको, पहिल्या उकडीच्या करा. उकडीत मिरची-जिऱ्याचं थोडं वाटण, मीठ, कोथिंबीर घालून चांगलं मळायचं, तेलाच्या बोटांनी छोट्या चकत्या थापायच्या आणि वाफवायच्या. सूनबाईंना सांगा, सारणाला हात लागायच्या आधी या करून घ्यायच्या आणि वेगळ्या चाळणीत ठेवायच्या, पाकाचा हात लागू द्यायचा नाही. 21 मोदकांशेजारी 21 निवगऱ्यांचं पान मांडा. नैवेद्य दाखवून झाला की आधी त्या पानातली एक तुम्ही स्वतः खा, घरातल्या सगळ्यांना एकेक द्या, आणि मग तिच्या हातावर लोण्याचा गोळा घालून दोन ठेवा. गरम असतानाच.