नळाला पिवळा रंग आला नाही, मग?

प्रश्न : सोलापुरात आमच्या गल्लीत चार घरांत जुलाब-उलट्या सुरू आहेत. महापालिकेच्या माणसाने नळाच्या पाण्यात थेंब टाकून पाहिले, रंग आला नाही. आता पुढे काय होतं?

उत्तर : ती ओटी (ऑर्थोटोलिडीन या रसायनाची) चाचणी. पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. नळाशी लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं, साथीत 0.5 ठेवतात. रंग आलाच नाही, म्हणजे वाटेत घाण शिरल्याचा दाट संशय. आपल्याकडे काही दिवसांआड पाणी येतं. मधल्या काळात जलवाहिनी रिकामी पडते आणि फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. नळाला थेट मोटार लावली की हा ओढा वाढतो. कृपया लावू नका.

यानंतर घरोघरी रुग्ण मोजून नकाशावर मांडतात. ठिपके दाटतात तिथेच गळती शोधून खोदायचं. पाण्याचा नमुना थायोसल्फेट (क्लोरीन निष्प्रभ करणारं रसायन) घातलेल्या निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून, 24 तासांत प्रयोगशाळेत पोहोचायला हवा. साध्या बाटलीत क्लोरीन वाटेतच जंतू मारतं आणि अहवाल खोटा ‘चांगला’ येतो. शौचाचा नमुना प्रतिजैविक सुरू होण्याआधी द्या. दुरुस्तीनंतर ती वाहिनी धुऊन, जास्त क्लोरीन भरून ठेवून, मगच पुरवठा.

तोवर पहिलं गढूळ पाणी सोडून द्या. बाकीचं चारपदरी फडक्याने गाळून उकळा. जुलाब लागलेल्याला ओआरएस लगेच सुरू करा. मूल सुस्त झालं, लघवी थांबली, तर तडक सिव्हिल गाठा.