जुन्या कामिनीला पहिल्यांदाच क्लाउड प्रूनिंग (फांद्यांच्या टोकांना ढगासारखे पाल्याचे झुबके ठेवणारी छाटणी) करायचंय, सुरुवात कुठून करू?

आधी आतल्या फांद्या मोकळ्या करा. गोल आकार सगळ्यात शेवटी. झुडपाखाली बसून वर बघा, छान वळणाच्या चार-पाच फांद्या ठेवा, बाकीच्या बुंध्यालगत काढा. ठेवलेल्या फांद्यांवरची बारीक फूट खुडून फक्त टोकाला ओंजळभर पाला राहू द्या. ढग खालून सपाट, वरून फुगीर. जपानी निवाकीची, म्हणजे बागेतली झाडं छाटून घडवण्याची, पद्धत अशीच, आणि माझ्या दारच्या कामिनीवर ती सुरेख जमली, कारण कामिनी जुन्या लाकडातूनही फुटते. मात्र एका वेळी तृतीयांशाहून जास्त पाला काढू नका. मोरपंखीवर तर पहिला हात मुळीच चालवू नका: तिची आतली तपकिरी, उघडी फांदी पुन्हा हिरवी होत नाही.