रॅली, इंजिनाचे नियम आणि कंपन्यांचं येणंजाणं : वाचकांची प्रश्नोत्तरे

‘नियम बदलले म्हणून अमकी कंपनी पळाली’ हे वाक्य सध्या दर दुसऱ्या पत्रात येतं. बहुतेकांनी ते मोबाइलवर वाचलेलं असतं. सुटी उत्तरं देण्यापेक्षा काही प्रश्न एकत्रच घेतो.

दोन लिटरचं इंजिन काढून १.६ लिटरचं आणलं, म्हणून सुबारू गेली ना? – देवगड

नाही. सुबारूने जागतिक रॅली सोडल्याचं जाहीर केलं डिसेंबर २००८ मध्ये, मंदीच्या तडाख्यात. १.६ लिटर टर्बोचा (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नियम आला २०११ ला. सुझुकीनेही त्याच महिन्यात, एसएक्स-फोर या गाडीचा एकच पूर्ण मोसम खेळून, गाशा गुंडाळला. उलट नव्या नियमानंतर मिनी, फोक्सवॅगन (२०१३) आणि ह्युंदाई (२०१४) आत आल्या, कारण तेव्हा युरोपात त्यांना छोटी टर्बो इंजिनंच विकायची होती. आपल्याकडे २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना करसवलत मिळाली आणि कंपन्या पट्टी घेऊन बसल्या. तोच हिशेब.

फोक्सवॅगन २०१६ अखेर गेली, तेव्हा २०१७ ची गाडी जवळजवळ तयार होती. तिला घालवलं डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचण्यांत केलेल्या फसवणुकीच्या घोटाळ्याने, रॅलीच्या नियमांनी नव्हे.

रेस्ट्रिक्टर म्हणजे काय? ऑनलाइन मिळतो तो चालेल का? – गुहागर

टर्बोच्या तोंडाशी बसवलेलं ठरावीक व्यासाचं कडं. खाडीचं मुख अरुंद असलं की भरती कितीही मोठी असो, पाणी आत येतं ते मुखाच्या मापानेच. इथेही हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचला की त्यापुढे जास्त हवा शिरत नाही, आणि हवा नाही तर ताकद नाही. २०१७ ला हे माप ३३ वरून ३६ मिलिमीटर केलं आणि ताकद तीनशेच्या आसपासहून ३८० अश्वशक्तीवर गेली. १९९५ मध्ये टोयोटाच्या संघाने कड्याला वळसा घालून हवा आत घेण्याची करामत केली. ती पकडली गेली आणि बारा महिन्यांची बंदी आली.

ऑनलाइन ‘एफआयए मंजूर’ (एफआयए म्हणजे मोटर स्पर्धांचे नियम ठरवणारी जागतिक संघटना) असं छापून काहीही विकतात. स्पर्धेच्या स्क्रुटिनियरला, म्हणजे गाड्या नियमाप्रमाणे आहेत का ते तपासणाऱ्याला, आधी विचारा, मग पैसे काढा.

ग्रुप बी परत आणावं असं वाटत नाही का? – चिपळूण

नाही. हा ऐंशीच्या दशकातला बेफाम ताकदीच्या गाड्यांचा गट. १९८६ ला कोर्सिकातल्या रॅलीत चालक हेन्री टॉइव्होनेन आणि सहचालक सेर्जिओ क्रेस्टो गाडीसकट जळाले. व्हिडिओ बघा, तेवढं पुरे.

मुलाला ‘रॅली हायब्रिड’चा कोर्स करायचाय. संस्था म्हणते, सगळ्या कंपन्या यातच येणार. पण हायब्रिड बंद झालं म्हणतात. फी भरू का? – अलिबाग

थांबा. फी भरू नका.

हायब्रिड २०२२ ला आलं. १०० किलोवॅटचा सीलबंद संच, सगळ्या संघांना एकाच पुरवठादाराकडून. म्हणजे ‘हे आमचं तंत्रज्ञान’ असं कोणत्याच कंपनीला जाहिरातीत म्हणता येईना, खर्च मात्र वाढला. तरीही माझा खरा राग पुढच्या धरसोडीवर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये एफआयएने सांगितलं, २०२५ पासून हायब्रिड काढणार, ताकदही घटवणार. जूनमध्ये म्हणाले, आहेत तेच नियम २०२६ पर्यंत राहतील. नोव्हेंबरमध्ये पुन्हा : हायब्रिड काढा, वजन १२६० वरून ११८० किलोवर आणा, रेस्ट्रिक्टर ३६ चा ३५ करा. मोसम जानेवारीत सुरू होतो! इंजिन कागदावरून चाचणीपर्यंत न्यायला वर्षं लागतात. अशा वेळी कुठलं संचालक मंडळ सही करील? मग वरच्या गटात टोयोटा, ह्युंदाई आणि फोर्डच्या गाड्या पळवणारी एम-स्पोर्ट एवढेच उरले तर नवल कसलं?

कंपनी अश्वशक्ती पाहून येत नाही. ती दोनच गोष्टी पाहते : आपण विकतो त्याच्याशी याचा काही संबंध आहे का, आणि हा नियम टिकणार का. ग्रुप बी नंतर वरचा गट झालेल्या ग्रुप ए मध्ये रॅलीच्या गाडीसारख्याच पाच हजार गाड्या बनवायची अट होती, तरी लान्चियाने १९८७ ते १९९२ सलग सहा विजेतेपदं नेली. अशी खास गाडी हजारांनी बनवणं ज्यांना परवडत नव्हतं ते बाहेर राहिले. १९९७ ला ती अट सैल झाली आणि प्यूजो, स्कोडा, ह्युंदाई साध्या गाड्यांवरून रॅलीची गाडी उभारून आल्या. आता २०२७ साठी रॅली-२ (वरच्या गटाच्या खालचा, स्वस्त गट) च्या धर्तीचं इंजिन आणि गाडीला ३,४५,००० युरोंची किंमतमर्यादा ठरली आहे. दिशा बरी आहे. ठरवायला इतका उशीर का, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

तेव्हा कोर्सचा अभ्यासक्रम घेऊन जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मेकॅनिकलच्या प्राध्यापकांना भेटा. ‘सगळ्या कंपन्या येणार’ हे संस्थेकडून लेखी मागा. देणार नाहीत.

१२०० सीसीत खरी रॅली होते का? – रत्नागिरी

होते. प्यूजोची २०८ रॅली-४ (रॅली-४ हा आणखी खालचा गट) तीन सिलिंडरच्या १.२ लिटर टर्बोवरच पळते. उतरायचं असेल तर एफएमएससीआय या भारतातल्या मोटर स्पर्धांच्या संघटनेचा परवाना आणि यंदाच्या गटांचे नियम आधी क्लबकडून समजून घ्या. गाडी नंतर.

काका, आमचो गॅरेजवालो गाडयेक ‘रॅली ट्यून’ करून देतो म्हणता. घाटात गाडी दम खाता. करू काय? – मालवण

नको रे बाबा. लॅपटॉप लावून इंधनाचे आकडे वाढवायचे आणि वर स्टिकर चिकटवायचा, हा धंदा आहे. वॉरंटी जाते, अपघातात विमा कंपनी बोट दाखवते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनासारखे फेरफार करू देत नाही. शंका असेल तर आरटीओत विचार. घाटात दम खाते याचं कारण आधी शोध. एअर फिल्टर, क्लच, किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने गंजलेले सेन्सरचे जोड. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅन करून घे आणि रिपोर्ट मला पाठव. तोवर त्या गॅरेजवाल्याला आगाऊ पैसे देऊ नको.