गाडी दाखवा म्हणतात, म्हणजे माझ्यावर भरवसा नाही का?

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि विमा

प्रश्न : ताई, मी सिन्नर फाट्याला राहतो आणि अंबडच्या एका कारखान्यात शिफ्टला जातो. २०२२ च्या दसऱ्याला दीडशे सीसीची गाडी घेतली. तेव्हा 'पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे, आता बघायला नको' असं सांगितलं होतं. मध्यंतरी पाथर्डी फाट्याजवळ खडीवरून गाडी घसरली. लेगगार्ड वाकला, टाकीला पोचा आला, उजवा इंडिकेटर फुटला. क्लेम करायला गेलो तेव्हा कळलं, फुल इन्शुरन्स पहिल्याच वर्षी संपलाय, उरलाय तो नुसता थर्ड पार्टी. खर्च खिशातून जाणार, ते मी मान्य केलं. पण आता नवा फुल इन्शुरन्स काढायचा तर कंपनी म्हणते, आधी गाडी तपासू. माझ्या मित्राने त्याचा रिन्यू केला, त्याला कुणी गाडी दाखव म्हटलं नाही. मी काय चोर आहे का? आणि दाखवायचीच असेल तर आधी टाकी रंगवून घेऊ का?

उत्तर : 'चोर' हा शब्द वाचून वाईट वाटलं. एकोणीस वर्षं मी सर्व्हेअर म्हणून गाड्या बघते आहे, आणि गाडीभोवती फिरताना मालकाच्या चेहऱ्यावर नेमका हाच प्रश्न दिसतो. मित्राची गाडी बघितली नाही आणि तुमची बघायची आहे, याचं कारण तुमच्या दोघांच्या तारखांमध्ये आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा भाग, ज्याला कागदावर 'ओन डॅमेज' म्हणतात, तो बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. दोन्ही मिळून 'फुल इन्शुरन्स', आणि दोन्ही एकाच पॉलिसीवर छापलेले असतात. पाच वर्षांची तारीख ठळकपणे लक्षात राहते आणि एक वर्षाची नजरेतून निसटते. तुमचा ओन डॅमेज २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये संपला. माझ्याकडे येणाऱ्या दर दहा जणांत तीन-चार जण तरी याच समजुतीत असतात, आणि हे त्यांना शोरूममध्येच नीट समजावून सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

मित्राने मुदतीच्या आत रिन्यू केला. त्याच्या गाडीला जुन्या पॉलिसीच्या शेवटच्या रात्री काही झालं असतं तर ते जुन्या पॉलिसीत गेलं असतं, दुसऱ्या दिवशी झालं असतं तर नव्या. मध्ये एकही दिवस मोकळा नाही. तुमच्या गाडीच्या विम्यात दोन वर्षांहून मोठा खंड पडला आहे. त्या काळात गाडी पडली, पाण्यात बुडाली, चोरीला गेली की अगदी जपून वापरली गेली, हे कंपनीला कळायला मार्ग नाही. विमा असतो तो पुढे घडणाऱ्या गोष्टीचा. घडून गेलेल्या गोष्टीचा विमा काढता येत नाही. म्हणून पॉलिसी सुरू होते त्या वेळी गाडी कशी होती, याची नोंद हवी. तपासणी म्हणजे ती नोंद.

थर्ड पार्टीसाठी कुणी तपासायला येत नाही, तेही याचमुळे. तो विमा तुमच्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याचा. तुमच्या टाकीला पोचा आहे की नाही, याचा तिथे काही संबंध येत नाही.

आता थोडं आपल्या नाशिकचं सांगते. ४ ऑगस्ट २०१९ ला, रविवारी, गोदावरीला पूर आला होता. दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला, सराफ बाजारापर्यंत पाणी शिरलं. सोमवारी सकाळपासून मला फोन यायला लागले. बहुतेकांचं म्हणणं एकच, 'ताई, फुल इन्शुरन्स लगेच करून मिळेल का?' त्यातला एक मुलगा रोज पहाटे पेपर टाकणारा. गाडी घाटाजवळ लावलेली, सीटपर्यंत पाण्यात गेलेली, आणि हातात फक्त थर्ड पार्टी. त्याने माझ्यापासून काही लपवलं नाही. त्याला नाही म्हणताना मला फार जड गेलं, पण नाही म्हटलं. तपासणी न करताच पॉलिसी मिळत असती तर त्या सोमवारी निम्म्या गोदाकाठाने ती काढली असती, आणि ते पैसे कुठून गेले असते? आदल्या वर्षी वेळेवर हप्ता भरणाऱ्यांच्याच गाठोड्यातून. तुमचा हप्ता अकराशे रुपये सांगितला असेल आणि कंपनी त्यावर सत्तर हजारांच्या गाडीची जबाबदारी घेत असेल, तर हा व्यवहार चालतो तो एवढ्यावरच की हप्ता भरणाऱ्या बहुतेकांना त्या वर्षी काहीच होत नाही. नुकसान झालेलेच तेवढे रांगेत येऊन उभे राहिले तर हे गणित एका पावसाळ्यातच मोडेल.

त्या मुलाला मी एक गोष्ट मात्र सांगितली, ती तुम्हीही लक्षात ठेवा. पाण्यातून काढलेल्या गाडीला किक मारायची नाही, बटणही दाबायचं नाही. इंजिनात पाणी असताना चालू करायला गेलं की आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. असं झालेलं नुकसान साध्या फुल इन्शुरन्समध्येही कंपन्या नाकारतात. गाडी ढकलत नेऊन मेकॅनिककडून उघडून घ्यायची.

तपासणीत आम्ही बघतो काय, हे कळलं की मनावरचं ओझं उतरेल. पहिली गोष्ट चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा ओळख क्रमांक. बऱ्याच गाड्यांवर हँडल डावीकडे वळवलं की उजव्या बाजूला, गाडीच्या मानेवर तो कोरलेला असतो. पूर्वी आम्ही त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो आणि नंबर उमटवून घ्यायचो. आता फोटो काढतात. आरसीवरचा नंबर, चासीवरचा आणि इंजिनवरचा, तिन्ही जुळले पाहिजेत. आकड्यांभोवती ग्राइंडरचे ओरखडे दिसले की मी तिथेच थांबते, पुढचं बघतच नाही.

मग गाडी उन्हात उभी करायला सांगते. टाकीवर पडलेलं उजेडाचं प्रतिबिंब सरळ आहे की मध्येच मोडतंय, ते बघितलं की आत भरलेली लांबी, म्हणजे पोचा बुजवायची पुट्टी, कळते. माझ्या वडिलांचं गंजमाळला गॅरेज होतं. ते टाकीवर बोट वाजवून सांगायचे, इथे पत्रा आहे आणि इथे लांबी. तो आवाज माझ्या कानात अजून आहे आणि मी अजूनही तसंच वाजवून बघते. त्यानंतर पुढचे शॉकअप, तेल गळतंय का, दोन्ही एका रेषेत आहेत का. चाक उचलून फिरवते, म्हणजे रिंग डगमगते का ते दिसतं. फुटरेस्ट आणि ब्रेकच्या पॅडलचं टोक घासलेलं असेल तर गाडी त्या कुशीवर पडलेली आहे, हे समजायला मालकाला विचारावं लागत नाही. एकाच बाजूचे बोल्ट नवेकोरे आणि दुसऱ्या बाजूचे गंजलेले असतील तर मी विचारते. रबरावर रंगाचे बारीक शिंतोडे असतील तरी विचारते. पुरातली गाडी कितीही धुतली तरी हेडलाइटच्या आत आणि एअर फिल्टरच्या डब्यात गाळाची एक रेघ राहते. शेवटी किती किलोमीटर चालली आहे त्याचा फोटो, गाडी चालू करून आवाज, आणि झालं.

यातली कुठलीही खूण असली म्हणजे पॉलिसी मिळत नाही, असं अजिबात नाही. खूण नोंदली जाते. पुढे क्लेम झाला तर त्या भागाचे पैसे वगळले जातात आणि बाकीचे मिळतात. फार मोडतोड असेल किंवा चासीला वेल्डिंग असेल तर कंपनी आधी दुरुस्ती करा म्हणते, किंवा नाकारते. तुमचा वाकलेला लेगगार्ड, इंडिकेटर आणि टाकीचा पोचा ही नाकारण्याजोगी गोष्ट नाही.

म्हणून रंगाचं सांगते. लपवण्यासाठी रंग मारू नका, कळकळीने सांगते. लांबी भरून रंगवलेली टाकी तपासणीत सुटली आणि पुढे अपघात झाला, तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर ती लांबी खरवडून बघतो. मग प्रश्न टाकीपुरता राहत नाही. 'हे लपवलं, मग आणखी काय लपवलं असेल?' इथून बोलणं सुरू होतं आणि सगळाच दावा अडकतो. दुरुस्ती खरोखर करायची असेल तर बेलाशक करा. बिल जपून ठेवा आणि त्यानंतर गाडी दाखवा. आधी दाखवून नंतर दुरुस्त केलीत तर बिल पाठवून पुन्हा तपासणी मागा, म्हणजे ती जुनी नोंद तुमच्या नावावर राहणार नाही.

आणि ही नोंद कंपनीइतकीच तुमच्याही कामाची आहे. मखमलाबादच्या एका दूधवाल्याने पॉलिसी घेतली आणि तीनच आठवड्यांत त्याला पेठ नाक्याला टेम्पोने उडवलं. कंपनीकडून बघायला आलेल्या माणसाचं म्हणणं पडलं, शॉकअप आणि सायलेन्सरचं नुकसान जुनं दिसतंय. दूधवाला बिचारा रडकुंडीला आला होता, त्याचं रोजचं कामच बंद पडलं होतं. मी तपासणीच्या वेळचे फोटो काढून समोर ठेवले. त्यात सायलेन्सर सरळ, शॉकअप कोरडे. पुढे वाद झाला नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला सांगते, कंपनी फोटो घेईल तेव्हा त्याच कोनातून स्वतःच्या फोनवरही फोटो काढून ठेवा.

हल्ली बहुतेक कंपन्या माणूस न पाठवता फोनवर लिंक पाठवतात आणि व्हिडिओ तुम्हालाच काढायला सांगतात. गाडी आधी धुऊन घ्या, कारण चिखलाखालचं काही दिसलं नाही की व्हिडिओ परत येतो. पार्किंगच्या अंधारात काढू नका. फोनमधले जुने फोटो चालत नाहीत, त्याच वेळी काढावे लागतात. काही कंपन्या दुचाकीला तपासणी न करता पॉलिसी देतात, पण विम्याची सुरुवात दोन-तीन दिवस पुढे ढकलतात. हेतू तोच. आणि तपासणी मंजूर झाल्यावर हप्ता भरायला फार दिवस लावू नका, नाहीतर तीच तपासणी पुन्हा करावी लागते. १९३८ च्या विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमाप्रमाणे हप्ता हातात आल्याशिवाय कंपनीला जोखीम घेता येत नाही. पॉलिसीवर सुरुवातीची तारीख आणि वेळ छापलेली असते. ती वेळ येईपर्यंत गाडीला काही झालं तर भरपाई नाही. दरम्यान गाडी चालवायला हरकत नाही, कारण तुमचा थर्ड पार्टी २०२७ पर्यंत जिवंत आहे.

पैशांचंही मोजून सांगते. तुमच्या गाडीची, ती बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेली किंमत समजा १,२०,००० रुपये होती. तीन वर्षं उलटून गेलेल्या आणि चार न झालेल्या गाडीला ४० टक्के घट धरतात, म्हणजे विम्याची रक्कम ७२,००० च्या आसपास येईल. कुणी यापेक्षा खूप कमी धरून हप्ता स्वस्त दाखवत असेल तर घेऊ नका, गाडी चोरीला गेली की तेवढेच हातात येतील. पहिलं वर्ष तुम्ही क्लेम न करता काढलंत, त्यावर २० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे पुढच्या हप्त्यात तेवढी सूट, मिळायचा. मुदत संपल्यापासून ९० दिवसांत रिन्यू केला नाही की तो जातो, त्यामुळे तुमचा गेला. आता शून्यापासून सुरुवात. पुढची पाच वर्षं क्लेम न करता आणि खंड न पाडता काढलीत तर तो ५० टक्क्यांपर्यंत चढतो.

तपासणी होऊनही विनाकारण नाकारलं असं वाटलं तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. नाशिकसाठी ते कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकीलही लागत नाही.

प्रश्न : सिडकोत राहते. ओळखीच्यांकडून जुनी स्कूटर घेतली. तिचा फुल इन्शुरन्स अजून सात महिने आहे, पण त्यांच्या नावावर. तो तसाच चालेल का? की मलाही गाडी दाखवावी लागेल?

उत्तर : तसाच ठेवू नका, ताई. विक्रीनंतर थर्ड पार्टीचा भाग कायद्याने तुमच्याकडे येतो, पण ओन डॅमेज आपोआप येत नाही. उद्या स्कूटर पडली तर कंपनी म्हणेल, पॉलिसी ज्यांची त्यांची आता गाडी नाही आणि गाडी ज्यांची त्यांची पॉलिसी नाही. मोटार वाहन कायद्याच्या १५७ व्या कलमात नाव बदलण्यासाठी कंपनीला १४ दिवसांत कळवायला सांगितलं आहे. आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० भरून आरसीवर नाव चढवायला टाका आणि त्याच आठवड्यात कंपनीलाही लेखी कळवा. नाव बदलताना काही कंपन्या गाडी बघायला मागतात, मागितली तर दाखवा. आधीच्या मालकांचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळणार नाही. तो माणसाचा असतो, गाडीबरोबर येत नाही, म्हणून उरलेल्या महिन्यांसाठी थोडा फरक भरावा लागेल. आणि त्यांच्याकडून दुसरी चावी आजच मागून घ्या. स्कूटर चोरीला गेली तर कंपनी दोन्ही चाव्या जमा करायला सांगते.