लॅपटॉपवर काही चालू नसताना एसव्हीसीहोस्ट अकामाईला का जोडतंय?

घाबरू नका हो, बहुतेक वेळा हे विंडोजचंच काम असतं. एसव्हीसीहोस्ट हा विंडोजचाच एक प्रोग्राम, तो स्वतः काही करत नाही, त्याच्या पोटात विंडोजच्या सर्व्हिसेस (मागे गुपचूप चालणारी कामं) चालतात, म्हणजे अपडेट, अपडेटच्या फाईली उतरवणारं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन, सर्टिफिकेट (साइट किंवा प्रोग्राम खरा असल्याचा डिजिटल दाखला) रद्द झालंय का ते तपासणारी क्रिप्टोग्राफिक सर्व्हिस वगैरे. आता तुम्ही इंदूरला रामबागेत बसून अपडेट घेताय तर मायक्रोसॉफ्ट ती फाईल दर वेळी अमेरिकेतून कशाला पाठवेल, ती अकामाईसारख्या सीडीएनच्या, म्हणजे जगभर सर्व्हर ठेवून दुसऱ्यांच्या फाईली पोचवणाऱ्या कंपनीच्या, जवळच्या सर्व्हरवर आधीच ठेवलेली असते, म्हणून आयपी शोधला की मायक्रोसॉफ्टच्या जागी अकामाईचं नाव दिसतं आणि आपल्याला वाटतं झालं, हॅक झालो! नेट आहे की नाही बघायला पण विंडोज एक छोटीशी टेक्स्ट फाईल मागवतं, तिच्यात फक्त ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढंच लिहिलेलं असतं.

पण नुसतं अकामाई दिसलं म्हणून निर्धास्त पण होऊ नका, सीडीएन कुणीही भाड्याने घेऊ शकतो. विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरच्या नेटवर्क टॅबमध्ये एसव्हीसीहोस्टचा पीआयडी, म्हणजे चालू प्रोग्रामला दिलेला नंबर, बघा, मग टास्क मॅनेजरच्या सर्व्हिसेस टॅबमध्ये त्याच नंबरसमोर कोणती सर्व्हिस आहे ते कळेल. टास्क मॅनेजरच्याच डिटेल्स टॅबमध्ये एसव्हीसीहोस्टवर राइट क्लिक करून फाईलची जागा पण बघा, विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये असेल तर ठीक, डाउनलोड्स किंवा टेम्पमधून चालत असेल तर मात्र लगेच स्कॅन करा.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर डेटा उडत असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये ते कनेक्शन मीटर्ड, म्हणजे मोजका डेटा असलेलं, करून टाका, बरंचसं थांबतं. फायरवॉलमध्ये अकामाई ब्लॉक वगैरे करू नका, निम्म्या साइट्स रुसतील.