रात्री घरात उंदराने पायाला ओरबाडलं, थोडं रक्त आलं. रेबीजचं इंजेक्शन घ्यावं लागेल का?

उंदराच्या ओरखड्यासाठी रेबीजची लस सहसा लागत नाही, पण धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र चुकवू नका. उंदरांपासून माणसाला रेबीज होणं फारच दुर्मीळ आहे, जागतिक आरोग्य संघटनेचंही हेच सांगणं आहे. आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम पंधरा मिनिटं धुवा. चुना, हळद, तिखट काही भरू नका, त्याने जखम चिघळते. शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं झाली असतील किंवा आठवत नसेल, तर आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. खरी काळजी पुढचे तीन आठवडे घ्यायची. जखम बरी झाल्यासारखी दिसते आणि मग थंडी वाजून ताप, सांधेदुखी, तळहात-तळपायांवर पुरळ येऊ शकतं. तो उंदीरचाव्याचा ताप. पेनिसिलिनने बरा होतो, पण उंदराने ओरबाडल्याचं डॉक्टरांना आठवणीने सांगा. नाहीतर मलेरिया-डेंग्यूच शोधत बसतील. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत उतरत असाल तर जखम भरेपर्यंत चिखल टाळाच, चिखलात मिसळलेल्या उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार होतो. एक मात्र आहे: अंधारात तो उंदीरच होता याची खात्री नसेल, मांजर किंवा मुंगूस असण्याची शक्यता असेल, तर रेबीजची लस लगेच सुरू करा.